जुन्या, दुर्लक्षित ध्वनिमुद्रिकांचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्याला नातेवाईक, शेजारी, नवखे संग्राहक आणि घराचा माळा आवरताना अचानक रेकॉर्डचा गठ्ठा हाती लागलेली मंडळी काही ठरावीक प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भर मराठी तबकड्यांवर आणि महाराष्ट्र-गोव्यातील कलावंतांवर आहे, आणि त्यातही अशा तबकड्यांवर की ज्या कोणी आपणहून मागत नाही.

दुर्लक्षित रेकॉर्ड म्हणजे दुर्मिळ रेकॉर्डच ना?

नाही. दुर्मिळ तबकडीच्या मागे माणसे लागलेली असतात आणि म्हणून तिला भाव असतो. दुर्लक्षित तबकडी महिनोन्‌महिने त्याच ढिगात पडून राहते, कारण तिच्यावरचे नाव वाचून कोणाचा हात थांबत नाही. ‘गीतरामायणा’चा संच किंवा पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ची एलपी (जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी) प्रत्येक जण मागतो आणि थोड्या खटपटीने ती मिळतेही, कारण त्या तबकड्या घरोघरी होत्या. त्याच ढिगात, आज रंगभूमीवर न दिसणाऱ्या एखाद्या नाटकातील पदांची किंवा एखाद्या शाहिराच्या पोवाड्याची तबकडी विक्रेता जवळजवळ फुकट देऊन टाकतो. ती घरी आणून, पुसून, काहीही अपेक्षा न ठेवता लावावी आणि दुसऱ्याच ओळीला आपण सावरून बसावे, हा जो अनुभव आहे त्याची चटक लागली की दुर्मिळाचा मोह बराचसा कमी होतो.

आता सगळे मोबाइलवर ऐकता येते. मग जुन्या तबकड्या कशासाठी शोधायच्या?

‘सगळे’ ऐकता येत नाही, येथूनच उत्तराला सुरुवात करावी लागते. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून एलपीवर, एलपीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि तेथून इंटरनेटवर अशी संगीताची जी स्थलांतरे झाली, त्या प्रत्येक वेळी कोणीतरी निवड केली, आणि ती बहुधा खपाकडे पाहून केली. आज जे सहज ऐकू येते ते या सर्व चाळण्यांतून उरलेले आहे. शिवाय जे उरले तेही अनेकदा मूळ रूपात नसते. खरखर काढताना आवाजाची धार गेलेली असते, पद कोणत्या नाटकातले, साथ कोणाची, ध्वनिमुद्रण केव्हाचे हा तपशील गळालेला असतो, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होते याचा तर पत्ताच नसतो. संग्राहकाला खरे घबाड अनेकदा त्या दुसऱ्या बाजूलाच सापडते.

इतक्या चांगल्या तबकड्या विस्मरणात गेल्या तरी कशा? वाईट होत्या म्हणूनच मागे पडल्या नसतील का?

काही होत्याच, सामान्य, घाईत उरकलेली ध्वनिमुद्रणे कोणत्याही काळात असतात. पण बारकाईने पाहिले तर विस्मरणाची कारणे बहुतेक वेळा संगीताबाहेरची आढळतात, आणि हे एकदा लक्षात आले की शोध कोठे घ्यायचा तेही आपोआप कळू लागते.

पहिले कारण नाटकांचे आयुष्य. मराठी ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काही दशकांत नाट्यपदांचा वाटा फार मोठा होता. ‘मानापमान’ (१९११) किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) यांचे प्रयोग पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले, त्यामुळे त्यांतील पदे कानांवर पडत राहिली आणि बालगंधर्वांच्या त्या पदांच्या तबकड्यांनाही मागणी राहिली. ‘द्रौपदी’ (१९२०) किंवा ‘मेनका’ (१९२६) ही बालगंधर्वांच्याच गंधर्व नाटक मंडळीची नाटके पुढे क्वचितच रंगमंचावर आली. गाणारा गळा तोच, तयारीही तीच. पण पद ओळखीचे नसल्यामुळे ग्राहक तबकडी पुढे सरकवतो. ‘नाथ हा माझा’साठी हुज्जत घालणारा माणूस त्याच गायकाचे ‘द्रौपदी’मधील पद खाली ठेवून जाताना मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

दुसरे कारण कंपन्यांचे आयुष्य. एचएमव्ही, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत ‘कुत्रा छाप’, टिकली. म्हणून तिचे जुने ध्वनिमुद्रण निदान अधूनमधून पुन्हा बाजारात आले. मुंबईत १९३५ मध्ये सुरू झालेली ‘यंग इंडिया’ १९५०च्या दशकाच्या मध्यास बंद पडली. नामवंत कलाकार मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध असल्यामुळे या कंपनीने नवोदित आणि हौशी गायकांना भरपूर वाव दिला होता. त्यांचे गाणे नव्या माध्यमात आणायला मागे कोणी वारसच राहिला नाही. ओडियन, ब्रॉडकास्ट, कोलंबिया या छापांच्या तबकड्यांवरही दुकानात ग्राहकाचा हात उगाच आखडतो. यंग इंडियाची तबकडी दिसली की गायकाचे नाव ओळखीचे नाही म्हणून ती सोडू नये, उलट त्याच कारणासाठी ती घ्यावी.

तिसरे कारण थोडे अप्रिय आहे. बैठकीची लावणी, ठुमरी आणि गझल गाणाऱ्या स्त्रियांच्या तबकड्या एके काळी खूप खपल्या, परंतु पांढरपेशा घरांत त्या उघडपणे मांडून ठेवल्या जात नसत आणि पुढे संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. लेबलवर ‘बाई सुंदराबाई ऑफ पूना’ असे नाव असलेल्या तबकड्या याचे उत्तम उदाहरण आहेत. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) चित्रपटातील आईच्या भूमिकेमुळे सुंदराबाई अजून काहींच्या स्मरणात आहेत. पण बालगंधर्वांच्या काळातील या गायिकेची लावणी ऐकल्यावर शब्द फेकण्याची, मध्येच रोखून धरण्याची आणि हसत सोडून देण्याची जी हुकमत दिसते, तिची नोंद त्या भूमिकेपेक्षा कितीतरी मोठी असायला हवी होती.

याशिवाय किरकोळ वाटणारी कारणे आहेतच. कीर्तन, पोवाडे, नकला, विनोदी संवाद अशा तबकड्या कोणत्या खणात ठेवायच्या हे दुकानदाराला कळत नसे, म्हणून त्या सगळ्यांच्या मागे जात. मराठी एलपींच्या पाठीमागचे टिपण कित्येकदा इंग्रजीत छापलेले असे, त्यामुळे ज्याच्यासाठी ते गाणे होते त्या ग्राहकाला ते वाचून काही कळत नसे.

तीन मिनिटांच्या तबकडीत शास्त्रीय संगीत ऐकण्यासारखे काय असणार?

हा प्रश्न विशेषतः मैफली ऐकणाऱ्यांकडून येतो, आणि त्यांना पटवणे सर्वांत कठीण असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडे पुढे आणि बारा इंचीच्या बाजूला चार-साडेचार मिनिटे, एवढीच जागा असे. त्यातही १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोनच नव्हता. गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने गावे लागे, तंबोरा जवळपास ऐकूच येत नसे आणि तबला कोठेतरी दूर वाजत असल्याचा भास होई. कोलकात्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण केले ते अशाच यंत्रावर. गाणे संपताच त्या इंग्रजीत ‘माय नेम इज गौहरजान’ असे ठसक्यात सांगतात. मूळ मुद्रण छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात असे आणि तेथील कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही सोय होती.

या अडचणीतूनच एक वेगळी कला निर्माण झाली असे माझे मत आहे. मिरजेत स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटी रागातील ठुमरी घ्या. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी अवघ्या काही वर्षांत झालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी ती एक आहे. आलाप पसरायला वेळ नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून पहिल्याच स्वरात राग उभा राहतो. पुढे सरगमही येते, ओळ दर वेळी नव्या ठिकाणाहून उचलली जाते, आणि तरीही घाई कोठेही जाणवत नाही. मैफलीत गायक काय काय करू शकतो हे कळते. तबकडीत तो काय काय सोडून देतो हे कळते. ही ठुमरी अर्थातच दुर्लक्षित नाही, पण तिच्यामुळे कान एकदा तयार झाला की रामकृष्णबुवा वझे, हिराबाई बडोदेकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कमी वाजणाऱ्या तबकड्या ऐकताना ही काटकसर ओळखता येते. मोगूबाईंच्या तर तबकड्याच मोजक्या आहेत, त्यामुळे त्यातली एखादी समोर आली तर घासाघीस न करता घ्यावी.

भाऊराव कोल्हटकर, भास्करबुवा बखले किंवा अल्लादिया खाँ यांची रेकॉर्ड मिळेल का?

मिळणार नाही. गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले आणि तबकड्यांसाठीच्या ध्वनिमुद्रणाची यंत्रणा भारतात त्यानंतरच्या वर्षी आली. भास्करबुवा आणि अल्लादिया खाँ यांच्या काळात सोय होती, पण त्यांचे गाणे तबकडीवर आले नाही. कोणी तसा दावा करून तबकडी विकत असेल तर लेबल नीट वाचावे. भास्करबुवांची चाल आणि अल्लादिया खाँसाहेबांची तालीम ऐकायची असेल तर ती शिष्यांच्या तबकड्यांतूनच ऐकावी लागते.

दुर्लक्षित तबकडीचे पुढे खरोखर काही झाले, असे एखादे उदाहरण आहे का?

दोन आहेत, आणि दोन्ही मुंबईशी जोडलेली आहेत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची त्या वेळी नवी असलेली तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे, म्हणजे टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची एलपी काढली. ती खपली नाही. रागदारीच्या श्रोत्याला तो पोरखेळ वाटला असणार आणि डिस्कोवर नाचणाऱ्याला त्यात गाणे सापडले नसणार. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत तिची प्रत मिळाली आणि २०१०मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा युरोप-अमेरिकेतील समीक्षकांच्या ध्यानात आले की ज्या ‘ॲसिड हाउस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा जन्म शिकागोत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला असे मानले जाते, त्याच्याशी आश्चर्यकारक साम्य असलेले काहीतरी मुंबईत काही वर्षे आधीच वाजले होते. २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी चरणजित सिंग यांना परदेशांतील मंचांवर ते वाजवण्याची संधी मिळाली. तबकडीतला एकही स्वर मधल्या काळात बदलला नव्हता.

दुसरे उदाहरण गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची जी सोनेरी तबकडी पाठवली, तीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती निवडली गेली तेव्हा तिची एलपी बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या. दुसऱ्या यानाच्या उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. खोक्यातल्या तबकड्या बघायला वाकायचा कंटाळा करणाऱ्यांना मी हा प्रसंग अवश्य सांगतो.

एलपीच्या काळातही असे दुर्लक्षित संगीत आहे का, की हा सगळा शोध ७८च्या तबकड्यांपुरताच आहे?

भरपूर आहे. एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली. आपल्याकडे ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागल्याने गायकांना पहिल्यांदाच ऐसपैस बसता आले. कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही एलपी संग्राहकाने जरूर मिळवावी, कारण तिच्यातून मागे जाण्याची वाट फुटते. तीतील एक पद ऐकावे, मग तेच पद बालगंधर्वांच्या ७८च्या तबकडीवर शोधावे आणि दोन्ही पाठोपाठ वाजवावीत. कुमारांनी कोणती जागा तशीच ठेवली, कोणती मुद्दाम मोडली आणि कोणत्या ठिकाणी ते थबकून गुरुस्थानी असलेल्या गायकाला वाट देतात हे ऐकण्यात एक संपूर्ण संध्याकाळ सहज निघून जाते.

चार गाण्यांच्या छोट्या ईपी या तर सोन्याची खाण आहेत आणि त्यांच्याकडे पाहणारेही कमी. भावगीते, शाहिरी गीते, मराठी चित्रपटांतील गाणी आणि बालगीते मोठ्या संख्येने याच आकारात निघाली. कोकणीतही तेच. ख्रिस पेरी यांचे संगीत आणि लोर्ना यांचा आवाज असलेल्या १९६०च्या दशकातील तबकड्या गोव्याबाहेरच्या मराठी संग्राहकाने बहुधा ऐकलेल्या नसतात. पितळी वाद्यांचा तो दणका आणि त्यावर बेफिकीरपणे चढणारा लोर्नांचा आवाज एकदा ऐकला की मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी काय ओतले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ आल्दोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याच्या जॅझच्या ७८च्या तबकड्याही याच वाटेवर भेटतात.

भावगीताच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकायच्या असतील तर कोठून प्रारंभ करावा?

जी. एन. जोशी यांनी गायलेले, ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ आणि गजानन वाटवे यांनी गायलेले, कवी अनिल यांचे ‘गगनि उगवला सायंतारा’ ही दोन गाणी प्रवेशद्वारासारखी आहेत. ती ऐकून झाल्यावर याच दोघांची कमी ओळखीची गाणी शोधावीत. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकातील ज्योत्स्ना भोळे यांचे गाणेही याच सुमाराचे आहे. नाट्यपद भावगीताकडे कसे झुकत होते ते त्यात स्वच्छ ऐकू येते.

या तबकड्या मिळतात कोठे?

मुंबईत चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्यात रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणे. तेथील विक्रेते मुरलेले असतात; कोणत्या नावाला काय भाव येतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते, त्यामुळे प्रसिद्ध नावे स्वस्तात मिळण्याची आशा धरू नये. दुर्लक्षित तबकड्यांसाठी मात्र हीच ठिकाणे उत्तम, कारण ज्या नावाला गिऱ्हाईक नाही ते त्यांना लवकर खपवायचे असते. लहान शहरांतील रद्दीवाले आणि जुने वाडे पाडताना सामान उचलणारे भंगारवाले यांच्याशी ओळख ठेवावी. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात गाण्याची आवड घराघरांत होती आणि तेथून अजूनही चांगले गठ्ठे निघतात. इंटरनेटवर खरेदी करता येते, पण त्यात ज्याचे नाव शोधाल तेच मिळते, आणि ज्याचे नाव आपल्याला ठाऊकच नाही ते शोधणार कसे, ही अडचण राहतेच.

विकत घेताना काय पाहावे?

तबकडी खोळीतून काढून दिव्याखाली तिरकी धरावी. समोरून काळीभोर दिसणारी तबकडी तिरकी केल्यावर राखाडी दिसू लागली, विशेषतः लेबलाजवळच्या शेवटच्या भागात, तर ती बोथट पिनेने खरवडली गेली आहे असे समजावे. नंतर मधल्या छिद्राभोवती पाहावे. तबकडी लावताना छिद्र चुकून खिळ्याभोवतीचा कागद घासला जातो आणि त्याच्या बारीक रेषा लेबलवर उमटतात. रेषांचे जाळे असेल तर तबकडी पुष्कळ वाजली आहे. लेबल कोरे असेल तर ती फारशी कोणी ऐकलीच नाही. दुर्लक्षित तबकड्यांची ही एक सुखद बाजू आहे, की लोकप्रिय गाणे खरखरीत बुडालेले असते आणि त्याच्याच पाठीवरचे कोणी न ऐकलेले गाणे काल छापल्यासारखे स्वच्छ वाजते.

७८ची तबकडी बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकेच वाजवावी. माठ घेताना आपण करतो तसेच हे. तडा असेल तर आवाज बद्द येतो. कडेचा टवका गाण्याच्या रेषांपर्यंत पोहोचला नसेल तर त्याची चिंता करू नये. एलपी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का ते पाहावे, आणि आत जाकिटावर छापलेलीच तबकडी आहे ना याचीही खात्री करावी.

लेबलवरून काय काय कळते?

एका छोट्या लेखाइतके कळते. गायकाचे नाव, रागाचे किंवा नाटकाचे नाव आणि विक्रीचा क्रमांक तर असतोच. पण नावाआधीचे ‘मास्टर’, ‘मिस’, ‘बाई’ किंवा नावानंतरचे ‘अमॅच्युअर’ हे शब्दही बोलके असतात. आपण पेशाने गाणारे नाही हे सांगण्याची त्या काळी काहींना गरज वाटत असे. लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक हा मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो आणि तो विक्रीच्या क्रमांकापेक्षा अधिक विश्वसनीय असतो. एकाच गायकाने एकच पद दोनदा मुद्रित केले असेल तर फरक तेथे कळतो. एचएमव्हीच्या एलपींवर ‘ईएएलपी’ किंवा ‘ईसीएलपी’ असेल तर ती मोनो आणि ‘ईएएसडी’ किंवा ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ.

खोळीही टाकू नये. तिच्यावर गावच्या विक्रेत्याचा शिक्का, कधी पूर्वीच्या मालकाची सही असते, आणि गाणे कोठपर्यंत पोहोचले होते याचा तो एकमेव पुरावा असू शकतो.

वाजवण्यासाठी काय लागते?

चावीच्या ग्रामोफोनवर फक्त ७८च्या तबकड्या वाजवाव्यात आणि दर बाजूला पोलादी पिन बदलावी. त्या यंत्राचा साउंडबॉक्स (पिन बसवलेली गोल डबी) शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतो. त्यावर एलपी लावली तर ती एकाच वादनात कायमची खराब होते. विजेच्या टर्नटेबलवर ७८ वाजवताना रुंद सुई हवी, साधारण इंचाच्या हजार भागांपैकी तीन भागांएवढी. एलपीची सुई तिच्या जवळपास पाव ते एक तृतीयांश असते आणि ती ७८च्या खाचेत तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. अनेक घरांत असलेल्या एचएमव्हीच्या जुन्या ‘फिएस्टा’सारख्या यंत्रांत सुई फिरवून दोन्ही सोयी करता येत, पण आज त्यांच्या सुया तपासून घ्याव्यात. फार जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असेलच असे नाही. आवाज पातळ आणि घाईचा वाटला तर वेग कमी करून पाहावा.

पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी येते. स्वच्छ कशा कराव्यात?

७८ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये. कोमट पाणी, सौम्य साबणाचे थेंब आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. लेबल मात्र कोरडे ठेवावे आणि तबकडी लगेच पुसून सावलीत उभी करावी. एलपीला शुद्ध पाणी चालते. सर्व तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, पण घट्ट न कोंबता ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये. पत्र्याखालचा माळा तर एलपींचा शत्रूच.

माझ्याकडच्या जुन्या रेकॉर्डची किंमत किती येईल?

बहुधा अपेक्षेपेक्षा कमी. वय पाहून भाव येत नाही.

डिजिटल प्रत करून ती सर्वांना ऐकवणे कायदेशीर आहे का?

स्वतःसाठी प्रत करून ठेवावीच, आणि खरखर काढण्यापूर्वीची मूळ प्रत जपावी. प्रसिद्ध करण्याबाबत भारतीय कायदा असा आहे की ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरील हा हक्क २०२० अखेर संपला. पण शब्द आणि संगीतरचना यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते कवीच्या किंवा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये वारले, त्यामुळे तबकडी कितीही जुनी असली तरी त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. तबकड्यांच्या याद्या, लेबलांची छायाचित्रे आणि माहिती यांची देवाणघेवाण करण्याला अशी आडकाठी नाही, आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी ते काम चिकाटीने केले आहे.

आजोबांचा संग्रह घरात सापडला आहे. ठेवायला जागा नाही. काय करावे?

सर्वप्रथम तो फोडू नये. घेणारा आला की वरची चार चांगली नावे उचलतो आणि उरलेल्या गठ्ठ्याला मग कोणीच वाली राहत नाही, म्हणून द्यायचा तर संपूर्ण द्यावा. देण्यापूर्वी प्रत्येक लेबलचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे आणि लेबलाबाहेर कोरलेला क्रमांक वहीत उतरवावा. तबकड्या ज्या क्रमाने ठेवलेल्या सापडल्या तो क्रमही लिहून ठेवावा, कारण घरात काय वारंवार वाजत होते ते त्यावरून कळते. घरात त्या काळचे कोणी असेल तर त्यांच्यासमोर काही तबकड्या वाजवून आठवणी टिपून घ्याव्यात. साथीदार कोण, नाटक कोठे पाहिले, तबकडी कोणत्या दुकानातून आणली, हे दुसऱ्या कोणाकडूनही मिळणार नाही. फुटलेल्या तबकड्यांचीही अशीच नोंद करावी. त्या वाजणार नाहीत, पण एखाद्या विसरलेल्या गायिकेच्या यादीत जो एक क्रमांक कोणालाच सापडत नाही, तो अशाच तुकड्यावर शाबूत असतो.